तात्पर्य लिहायचं राहिलं

पूर्वपरीक्षा. मराठी. प्रश्न पाचवा, आ.
अपूर्ण कथा पूर्ण करा, शीर्षक द्या, तात्पर्य लिहा.
बहीण-भाऊ जंगलात वाट चुकतात.
अंधार पडतो. बहीण म्हणते,
तू इथंच थांब, मी पुढं बघून येते
आणि तिथून नुसती टिंबं.
पाच गुण.

असल्या गोष्टी तायडी एका दमात संपवायची.
कुणीतरी म्हातारा येतो, त्याच्याकडे कंदील असतो,
सगळे घरी जातात.
"शेवट गोड कर रे, तपासणाऱ्यालाही घरी जायचं असतं."
माझ्या निबंधांच्या वहीत अर्धे शेवट तिच्याच अक्षरात आहेत,
ट-चं पोट फुगलेलं.

मी लिहिलं : मुलगा थांबला.

सातारा रोडवरून पीएमटी गेली,
वर्गाच्या काचा थरथरल्या
आणि पुढचं वाक्य काही आलं नाही.

धनकवडीत आमच्याकडे गुरुवारी पाणी नसतं,
म्हणून बुधवारी रात्री निळं पिंप काठोकाठ भरायचं.
शनिवारी ते ओतून, घासून, उन्हात पालथं घालायचं.
हे काम माझं.
श्रावणातले तीन शनिवार
मी ढोलाच्या सरावाला गेलो.

पंचवीस हजार. अठरा. अकरा.
त्या आठवड्यात घरातले सगळे आकड्यांत बोलत होते.
पपईच्या पानांचा रस द्या, कुणीतरी म्हणालं.
तळजईच्या पायथ्याशी एका बंगल्याच्या भिंतीवर चढून
मी पानं ओरबाडली, कोपरापर्यंत चीक,
आणि हॉस्पिटलला पोचलो
तर बाबा खालच्या पायरीवर बसलेले,
चपला हातात घेऊन.

फाइलवर लिहिलं होतं : कु. शलाका सुदाम कोंढरे, वय १९.
पानं मी रिक्षा स्टँडच्या कचराकुंडीत टाकली.

मग महापालिकेचा माणूस आला.
त्यानं टॉर्च मारून पिंपात बघितलं,
म्हणाला, आहेत.
मला कुणी काही बोललं नाही.
आई तर नाहीच.
तिनं पिंप पालथं घातलं, ते अजून पालथंच आहे.
गुरुवारी आम्ही दोन कळशांत भागवतो.

तर, मुलगा थांबला.
थांबून थांबून त्याला अंधारात दिसायला लागलं.
जंगलात जागोजाग पाणी साचलेलं होतं,
खडकांच्या खळग्यांत, करवंट्यांत,
कुणीतरी टाकून दिलेल्या टायरात.
तो ते ओतत सुटला.
जे उचलून ओतता येईना ते ओंजळीनं उपसलं,
जे ओंजळीत येईना ते सदऱ्यानं टिपलं.
एक पुरवणी संपली, मी दुसरी मागितली.
पहाटेपर्यंत त्यानं अख्खं जंगल कोरडं केलं
आणि जिथं थांब म्हणाली होती
तिथं परत येऊन उभा राहिला.

खळदकर बाईंनी लाल पेनानं गोल केला :
जंगलात टायर?
पाचपैकी अडीच. शीर्षक नाही. तात्पर्य नाही.
"वेळ पुरला नाही का रे?"
मी हो म्हटलं.
खरं तर अकरा मिनिटं उरली होती.
तेवढा वेळ मी पुरवणीचा दोरा
सोडत होतो, परत बांधत होतो.

मार्चमध्ये बोर्डाला
कथेचा प्रश्न वाचलासुद्धा नाही.
सरळ बातमी घेतली.
विद्यालयात वृक्षारोपण समारंभ उत्साहात पार पडला.
प्रमुख पाहुणे, शाल, श्रीफळ,
दोनशे रोपं, शेवटी आभारप्रदर्शन,
सगळे रांगेत, कुणी हरवलं नाही.
तायडीला आवडली असती.

एका वाक्याशी पेन टेकवलं आणि उचललं.
रोपांना पाणी घालण्यात आले,
एवढं मात्र मी लिहिलं नाही.